पगारदाराची कादंबरी

श्री. ना. पेंडसे बेस्टमध्ये नोकरीला होते. ‘हद्दपार’, ‘गारंबीचा बापू’, ‘रथचक्र’ या कादंबऱ्या त्यांनी ती नोकरी करता करता लिहिल्या. जयवंत दळवी मुंबईत अमेरिकी माहिती खात्याच्या कचेरीत होते, व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीवर. १९६७ साली ‘मृत्युंजय’ आली तेव्हा शिवाजी सावंत कोल्हापुरात शाळेत शिकवत होते. नुसत्या कादंबरीवर घर चालवलेली माणसं मराठीत फार थोडी. आपली कादंबरी बहुतांशी हजेरीपटावर सही करणाऱ्यांनी लिहिली आहे. त्यामुळे ‘नोकरी करून कादंबरी लिहिता येते का?’ या प्रश्नावर या पुस्तकात एकही पान खर्च केलेलं नाही. त्याचं उत्तर केव्हाच मिळालं आहे.

प्रश्न पुढचा आहे. या मंडळींनी लिहिलं आणि प्रकाशकाच्या हाती दिलं. तिथे कुणीतरी बसलेलं असे. मौजेत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखित हाती आल्यावर लेखकाबरोबर त्यावर महिनोन् महिने काम करत, प्रकरणं पुन्हा लिहायला लावत. आज नोकरदार माणूस हस्तलिखित घेऊन बाहेर पडतो तेव्हा मोठ्या प्रकाशकाकडून कित्येकदा उत्तरच येत नाही, आणि लहान प्रकाशक ‘किती प्रती तुम्ही घ्याल?’ असं विचारतो. पैसे आपलेच घालायचे तर प्रकाशकही आपणच का होऊ नये, असं त्याच्या मनात येतं. यात काहीही गैर नाही. डिजिटल छपाईमुळे पन्नास प्रतीही काढता येतात. २०१६च्या अखेरीपासून किंडलवर मराठी पुस्तकं मिळू लागली, आणि तिथे लेखक स्वतःचं पुस्तक स्वतः चढवू शकतो. दारावरचा पहारा उठला, हे मी चांगलंच मानतो. पण पहाऱ्यावर बसलेला माणूस पुस्तकाचा पहिला वाचकही होता. पहाऱ्याबरोबर तोही गेला, आणि त्याची जागा कुणी घ्यायची याचा विचार न करता पुस्तकं निघत आहेत.

मी तालुक्याच्या गावी बँकेत नोकरी केली आणि कादंबऱ्या स्वतः काढल्या. माझ्यासारख्या अनेकांच्या संहिता वाचायला मिळाल्या. त्यात तलाठी होते, परिचारिका होत्या, कारखान्यात तिन्ही पाळ्या करणारे होते, पुण्याच्या आयटी कंपन्यांतली तरुण मुलं होती. त्यातल्या कित्येकांकडे सांगण्यासारखं खरंखुरं काही होतं. पुस्तकं मात्र फसली, ती बहुतेक एकाच कारणाने: घाई. नोकरीत असलेल्या लेखकाने घाई करावी याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण घाई न करण्याची सोय सगळ्यात जास्त त्याच्याकडेच असते. प्रकाशकाला जागेचं भाडं द्यायचं असतं, दिवाळी गाठायची असते, ग्रंथप्रदर्शनाआधी चार नवी पुस्तकं हवी असतात. पगारदाराच्या घरी पहिल्या तारखेला पैसे येतात. त्याने हस्तलिखित आणखी दोन वर्षं कपाटात ठेवलं तर कुणाची चूल विझत नाही. पगाराने मिळालेली ही उसंत पुस्तकाच्या कामी कशी लावायची, एवढंच मला या पुस्तकात सांगायचं आहे.

हरि नारायण आपट्यांची आठवण मला या संदर्भात नेहमी येते. ते दिवसा पुण्याच्या आनंदाश्रम या संस्थेचा कारभार पाहत. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातच क्रमशः आणली. म्हणजे लेखक तेच, संपादक तेच. मधे विचारणारं कुणी नव्हतं, आणि म्हणूनच एका बाईच्या तोंडून तिची सगळी कहाणी सांगण्याचं धाडस त्यांना निर्वेध करता आलं. पण दर आठवड्याला अंक भरायचाच होता. हरिभाऊंच्या पाल्हाळाबद्दल टीकाकारांनी पुष्कळ लिहिलं आहे, आणि त्यांच्या काही कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या. मालकी आपली असली की स्वातंत्र्य मिळतं आणि घाईही आपलीच होते. आपट्यांच्या प्रतिभेने ती घाई पेलली. आपण तेवढा भरवसा धरू नये.

वेळेबद्दलचं प्रकरण या पुस्तकात सगळ्यात मोठं आहे, कारण सगळ्यात जास्त चुकीचा सल्ला याच बाबतीत दिला जातो. ‘पहाटे उठा’ असं सगळेच सांगतात. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप हा त्याचा ठरलेला दाखला. १८३४ ते १८६७ तो टपाल खात्यात होता, सत्तेचाळीस कादंबऱ्या त्याने लिहिल्या, आणि त्यातल्या पुष्कळशा नोकरीत असताना. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे. घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द, असा त्याचा नेम होता. लोक हा आकडा सांगतात आणि थांबतात. त्याने आत्मचरित्रात आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत, त्या मला जास्त मोलाच्या वाटतात. एक, रोजचा पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं लिखाण वाचण्यात घालवी. कचेरीत दिवसभर डोक्यात भलतंच भरलेलं असतं. त्या अर्ध्या तासात पात्रांचा आवाज पुन्हा कानात बसतो. ज्याच्या हाती एकच तास आहे त्यानेही त्यातली वीस मिनिटं याला द्यावीत, असं मी आग्रहाने सांगेन.

दुसरी गोष्ट अशी की त्याला त्या वेळी उठवायला एक म्हातारा मोतद्दार होता. त्यासाठी ट्रॉलप त्याला वर्षाला पाच पौंड जादा देई, आणि तो कॉफीही आणून देई. आपल्याकडे साडेपाचला कोण उठतं? बाई उठते. नळाला पाणी त्याच वेळी येतं, डबे त्याच वेळी होतात. पुरुष लेखकाने पहाट धरली तर घरातलं कुणीतरी चहाचा कप त्याच्या टेबलावर ठेवून जातं. नोकरी करणाऱ्या बाईसाठी तीच घटका सगळ्यात गर्दीची. म्हणून या प्रकरणाचा मोठा भाग अशा बायकांशी बोलून लिहिला आहे. एकीने अख्खी कादंबरी बदलापूर लोकलच्या महिला डब्यात मोबाइलवर टिपली. पूर्ण वाक्यंसुद्धा नाहीत, नुसते संवाद. आणि महिन्यातून एका रविवारी सासूबाई मुलांना घेऊन मामाकडे जात तेव्हा त्या संवादांभोवती बाकीचं लिहिलं. दुसरी परिचारिका आहे. ती रात्रपाळीहून परतली की झोपण्याआधी पाऊण तास लिहिते, कारण त्या वेळी ती घरात आहे हे कुणी धरलेलंच नसतं. यातून सगळ्यांना लागू पडेल असं वेळापत्रक निघत नाही आणि मी ते काढलेलंही नाही. आपले तास कुणाच्या तासांतून येतात ते मात्र लिहिणाऱ्याने उघड्या डोळ्यांनी पाहावं, आणि घरी बोलून ठरवावं. न बोलता घेतलेले तास पुढे घरात खुपत राहतात.

हिशेब करायचाच तर साधा आहे. रोज तीनशे शब्द आणि वर्षातले दोनशे दिवस धरले, तर साठ हजार शब्द होतात. मध्यम आकाराची कादंबरी झाली. उरलेले दिवस आजारपण, लग्नकार्यं, बदली आणि मार्च यांचे. बँकेत मार्च म्हणजे काय हे बँकवाल्यालाच ठाऊक. त्या महिन्यात लिहिण्याचा अट्टहास करू नये. वाचावं, आणि तेही जमलं नाही तर हस्तलिखित मिटून ठेवावं आणि अपराधी वाटून घेऊ नये. एप्रिलमध्ये उघडल्यावर दोष आपोआप दिसू लागतात. अंतराशिवाय ते दिसत नाहीत.

नोकरी फक्त पगार देते असं मानणं मला कृतघ्नपणाचं वाटतं. मयत खातेदाराच्या वारसाचा अर्ज घेऊन बायका काउंटरवर येतात. पिशवीतून प्लास्टिकची दुसरी पिशवी निघते, तिच्यातून रुमालाची घडी, घडीत रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला, आणि पासबुक. त्या पासबुकाला नवऱ्याने कधीतरी वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं असतं. बाई एकेक कागद पुढे करते आणि आपण तो परत देईपर्यंत तिची नजर त्या कागदावरून हलत नाही. कागदावर माणसाचा किती भरवसा असतो आणि कागदाची त्याला किती भीती असते, हे मी त्या काउंटरवर शिकलो. घरी बसून शिकलो नसतो. तलाठ्याला बांधावरची भांडणं दिसतात, परिचारिकेला पहाटे तीनचे नातेवाईक दिसतात. मराठी कादंबरीला या माहितीची फार गरज आहे.

पण त्याच काउंटरवरची ती बाई विश्वासाने आलेली असते. तिचं गाव, तिची रक्कम, दिराशी चाललेला तिचा वाद कादंबरीत जसाच्या तसा आणण्याचा अधिकार मला नाही. नाव बदलून भागत नाही. तालुक्याच्या गावात नाव बदललेलं माणूस पहिल्या पानावरच ओळखू येतं. हात घ्यावेत, घडी घ्यावी, ती नजर घ्यावी. गोष्ट आपली रचावी. यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि लिहिताना मला सगळ्यात जड गेलेलं तेच.

आता खर्चाकडे येतो. स्वतः पुस्तक काढणारे बहुतेक लोक आधी मुखपृष्ठाला पैसे देतात, मग छपाईला, मग प्रकाशन समारंभाच्या हॉलला, आणि मुद्रितशोधनाला काहीच उरत नाही. मी हा क्रम उलटा करायला सांगतो. पहिला पैसा अशा वाचकाला द्यावा जो आपला नातेवाईक नाही, सहकारी नाही, आणि कादंबऱ्या वाचतो. त्याच्याकडून पानोपानी शेरे घ्यावेत. दुसरा पैसा मुद्रितशोधकाला. तो अक्षरजुळणीनंतर लागतो, आधी लागून पुरत नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर छपाईसाठी जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये वळवला की जोडाक्षरं बिघडतात. ‘सुऱ्या’चा ‘सुर्या’ होतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो. स्क्रीनवर शुद्ध असलेली कादंबरी कागदावर अशुद्ध निघते आणि लेखक छापखान्याला दोष देत बसतो. शेवटचं प्रूफ कागदावर छापून, मोठ्याने वाचून तपासलं पाहिजे. जमल्यास एकाने हस्तलिखित वाचावं आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवावं.

छापखान्यात एकदा तरी जावं. डेमी आकाराच्या पुस्तकाचा फर्मा सोळा पानांचा. तीनशेवीस पानांची कादंबरी म्हणजे वीस फर्मे. मोठ्या कागदावर पानं उलटसुलट छापलेली असतात, एक डोकं वर, एक डोकं खाली. बाइंडर तो कागद तीन घड्या घालून दुमडतो आणि एकदम एक ते सोळा पानं ओळीने उभी राहतात. हे पाहिलेला लेखक पुढच्या वेळी तीनशेचोवीस पानांवर कादंबरी सोडत नाही, कारण त्या चार पानांसाठी काय होतं हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. आणि कागदाची शेड, पाठीची जाडी, बांधणी उघडल्यावर आतली ओळ गिळली जाते का, हेही तो विचारू लागतो. प्रकाशक होणं म्हणजे हे सगळं विचारणं.

प्रकाशक म्हणून कायद्यानेही काही गोष्टी आपल्या अंगावर येतात. आयएसबीएन हा क्रमांक भारतात राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नयेत. १९५४च्या ग्रंथवितरण कायद्याप्रमाणे पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय यांना स्वखर्चाने एकेक प्रत पाठवायची असते. मला भेटलेल्या लेखक-प्रकाशकांपैकी कित्येकांनी हे ऐकलेलंही नव्हतं. चार पाकिटांचं काम आहे, एका शनिवारी होतं. आपल्या पश्चात कुणाला ती कादंबरी शोधाविशी वाटली, तर ती तिथे सापडेल. भारतात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं टिकतो. एवढी वर्षं ज्या वस्तूवर आपला हक्क आहे, तिच्या चार प्रती नीट ठेवायला द्याव्यात.

विक्रीचं प्रकरण मी मुद्दाम लहान ठेवलं आहे. समजा किंमत चारशे रुपये ठेवली. वितरक आणि दुकानदार मिळून निम्म्याच्या आसपास घेतात आणि उरलेले पैसे उधारीत अडकतात. म्हणून पहिल्या खेपेला कमी प्रती काढाव्यात आणि शक्य तितक्या थेट वाचकाला पाठवाव्यात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, तिची चौकशी पहिल्या पुस्तकाआधीच करावी, नंतर उपयोग नाही. दिवाळी अंकांना एखादं प्रकरण पाठवून पाहावं. अनोळखी वाचकांचं पहिलं पत्र तिथून येतं.

मोठ्या यशाच्या गोष्टी नवा लेखक हमखास काढतो, म्हणून त्याही पाहू. अँडी वीअर हा अमेरिकन प्रोग्रामर. ‘द मार्शियन’ त्याने आपल्या संकेतस्थळावर एकेक प्रकरण करून फुकट ठेवली. २०११ साली वाचकांच्या आग्रहावरून किंडलवर नव्याण्णव सेंटला आणली, २०१४ साली ती मोठ्या प्रकाशकाकडे गेली, पुढच्या वर्षी सिनेमा झाला. लोकांना सिनेमा आठवतो. त्याआधी वाचक त्याला विज्ञानातल्या चुका कळवत होते आणि तो त्या दुरुस्त करत होता, हे कुणी सांगत नाही. मौजेत जे काम संपादक करत, ते इथे अनोळखी वाचकांनी केलं, आणि त्याने ते करू दिलं. अमीश त्रिपाठी मुंबईत विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. प्रकाशकांच्या नकारानंतर २०१० साली ‘मेलुहा’ त्यांच्या एजंटाच्याच प्रकाशनातर्फे निघाली. पहिलं प्रकरण वेगळं छापून दुकानांतून फुकट वाटण्याची त्यांची कल्पना गाजली. मानधनाचा चेक पगाराहून मोठा झाल्यावरच नोकरी सोडली, असं त्यांनी मुलाखतींतून सांगितलं आहे. हे वाक्य मी प्रत्येक राजीनामाउत्सुक मित्राला ऐकवतो.

मला स्वतःला या दोघांहून जवळचं वाटणारं उदाहरण कादंबरीचं नाहीच. १९७६ साली मुंबईत अरुण कोलटकरांचं ‘जेजुरी’ क्लिअरिंग हाउसतर्फे निघालं. क्लिअरिंग हाउस म्हणजे कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चौघा कवींनी मिळून चालवलेलं प्रकाशन. कोलटकर जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक, पटेल दवाखाना चालवणारे डॉक्टर. एकमेकांच्या कविता वाचणारे चार कडक वाचक तिथे होते, आणि पुस्तकाचं रूप पाहणारी कोलटकरांची नजर होती. ‘जेजुरी’ला पुढच्या वर्षी राष्ट्रकुल कविता पारितोषिक मिळालं. तालुक्याच्या गावातही चार नोकरदार एकत्र येऊ शकतात. एकाला हिशेब येतो, एकीचं शुद्धलेखन पक्कं असतं, एकाचा भाऊ छापखान्यात असतो. वर्षाला एकच पुस्तक काढायचं आणि चौघांनीही होय म्हटल्याशिवाय ते छापायला द्यायचं नाही. पुस्तकाच्या शेवटच्या भागात असा गट कसा उभा करावा, पैसे कसे वाटून घ्यावेत, आणि मित्राला ‘अजून झालेलं नाही’ हे कसं सांगावं, याचा तपशील आहे.

प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील, पहिल्याचा मात्र अपवाद आहे. ते नोकरीच्या अटींवर आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६४चे वर्तणूक नियम प्रसंगोपात्त साहित्यिक कामाला पूर्वपरवानगी मागत नाहीत. राज्य सरकार, बँका, शाळा, महामंडळं यांचे नियम वेगवेगळे आहेत. खाजगी कंपन्यांच्या करारात तर कधी कधी कामाच्या वेळेबाहेर केलेल्या लिखाणावरही हक्क सांगणारं कलम असतं. नोकरीचा भाग म्हणून जे लिहिलं जातं ते कॉपीराइट कायद्याप्रमाणे एरवीही मालकाचं ठरतं, त्यामुळे ऑफिसच्या लॅपटॉपवर कादंबरी लिहू नये, स्वतःचं यंत्र घ्यावं. कादंबरी पूर्ण झाल्यावर या गोष्टी शोधत बसण्यात अर्थ नाही. तेव्हा पहिलं प्रकरण उघडण्याआधी कपाटातून आपलं नेमणुकीचं पत्र काढा आणि शेजारी ठेवा. त्यातल्या कोणत्या ओळींखाली रेघ मारायची ते तिथे सांगितलं आहे.